विश्लेषण : लंडनमध्ये ‘कोकण डान्स’ वाजवणारा गिटारवादक कोण होता?

पावसच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिले, की उत्तरेला मुंबई आणि दक्षिणेला गोवा. या पट्टीतून बाहेर पडलेल्या माणसांनी गिरण्या चालवल्या, बोटींवर नोकऱ्या केल्या, नाटके वसवली आणि हॉटेलांतील बँडही उभे केले. त्यातल्याच एका मूळच्या गोवेकर कुटुंबातल्या गिटारवादकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एक ध्वनिमुद्रण केले आणि त्याला नाव दिले ‘कोकण डान्स’. ते बाजारात आले २००६ मध्ये. तोवर वादकाला जाऊन दहा वर्षे झाली होती. आमान्सियो डिसिल्वा हे त्यांचे नाव. मुंबईतील नृत्यसंगीत, जॅझ, आफ्रिकी तालवाद्ये, रॉक आणि भारतीय रागसंगीत अशा सगळ्या वाटांवर वेगवेगळ्या बँडमधून वाजवलेल्या या वादकाविषयी...

आमान्सियो डिसिल्वा कोण होते?

आमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९ मार्च १९३६ रोजी गोवेकर कुटुंबात झाला. मुंबईत ते गिटारवादक म्हणून नावारूपाला आले. १९६७ मध्ये ते कुटुंबासह लंडनला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. १९६९ ते १९७२ या जेमतेम चार वर्षांत त्यांनी ब्रिटनमधील आघाडीच्या जॅझ वादकांबरोबर जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांवर आज त्यांची कीर्ती उभी आहे. १७ जुलै १९९६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतात त्यांचे नाव जॅझच्या मोजक्या चाहत्यांबाहेर फारसे पोहोचले नाही. ब्रिटनमध्ये मात्र त्यांच्या जुन्या तबकड्या संग्राहक शोधत फिरतात आणि मूळ प्रतींना मोठी किंमत मोजतात.

गोव्याच्या घरांतून बँडचे वादक का घडले?

त्याचे मूळ पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांत आहे. या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. प्रार्थनेच्या वेळी गाण्यासाठी आणि व्हायोलिन वाजवण्यासाठी गावातच वादक तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू. परिणाम असा झाला, की कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारी माणसे गोव्यातील गावागावांत होती. ब्रिटिश हिंदुस्थानात लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांची चित्रपटगृहे आणि मोठी हॉटेले यांना नेमके असेच वादक हवे होते.

मग आगबोटीने किंवा कॅसलरॉकमार्गे रेल्वेने गोवेकर मुंबईत येत. रत्नागिरीकडचा चाकरमानी गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, तसा गोवेकर धोबीतलावच्या परिसरात आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये उतरायचा. कूड म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र येऊन चालवलेले वसतिस्थान. भाडे थोडे, ओळखीची माणसे आणि कामाची बातमी मिळण्याची खात्री. बोटीवरचा खलाशी, स्वयंपाकी आणि ट्रम्पेटवादक एकाच छपराखाली राहत.

आल्डोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याच वाटेने ट्रम्पेटवादक म्हणून मुंबईत गाजले आणि पुढे सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्यांच्या बँडचा ठसा उमटला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रपटांच्या गाण्यांचे वाद्यमेळ रचले. डिसिल्वा यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता. म्हणजे डिसिल्वा वयात आले तेव्हा मुंबईत जॅझची एक पिढी मुरलेली होती.

बँडमध्ये गिटारवादकाचे काम काय असे?

हॉटेलातील बँडचे पहिले काम लोकांना नाचवणे. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रुंबा, गाजलेली चित्रपटगीते, वाढदिवसाची फर्माईश, यातले काहीही कधीही वाजवावे लागे. जॅझ त्यात शिरायचा तो उशिरा, गर्दी ओसरल्यावर. गिटारवादक बहुतेक वेळ मागे बसून तालाचे आणि स्वरसंगतीचे काम करी. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पुढे उभे राहत.

हे चित्र बदलले ते विद्युत गिटारमुळे. आवाज वाढवता आल्याने गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने स्वतंत्र सुरावट वाजवणे शक्य झाले. अमेरिकेत चार्ली ख्रिश्चन यांनी १९४० च्या आसपास ती वाट दाखवली आणि वेस माँटगोमेरी यांनी १९६० च्या दशकात ती रुंद केली. आपल्याकडे हे संगीत ऐकायला मिळण्याची साधने मोजकी होती. बोटीवरून येणाऱ्या तबकड्या आणि १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर लागणारा जॅझचा कार्यक्रम, ही त्यातली मुख्य. रात्री रेडिओला कान लावून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी वाद्यावर ते शोधायचे, हीच अनेक वादकांची शाळा होती.

डिसिल्वा याच पिढीचे. त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य म्हणजे एकेरी स्वरांच्या लांब, वेगवान ओळी. स्वरसंगतीचे गठ्ठे वाजवण्याऐवजी ते सुरावट पुढे नेत राहतात, एखादा गायक तान घेतो त्या पद्धतीने.

पोटापाण्याची बाजू मात्र अवघड होत होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरातील रात्रीच्या क्लबांचा धंदा खालावला. संगीताचा खर्च मद्यविक्रीतून निघत असे, तोच आधार गेला. अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांकडे वळले, काहींनी कोलकाता, दिल्ली आणि थंड हवेची ठिकाणे गाठली. हंगामाप्रमाणे शहर आणि शहराप्रमाणे बँड बदलणे हा वादकाच्या आयुष्याचा भागच झाला.

जयपूरच्या महाराणींचा संबंध काय?

अशा अस्थिर व्यवसायात डिसिल्वा यांना जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय मिळाला. त्यांची गुणवत्ता ओळखून महाराणींनी त्यांना अमेरिकी बनावटीची गिब्सन गिटार घेऊन दिली. त्या काळी परदेशी वाद्य आयात करणे ही सामान्य वादकाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. चांगले वाद्य नसेल तर हातात असलेली कला अर्धीच ऐकू येते. डिसिल्वा यांनी ही आठवण ठेवली. लंडनमधील त्यांच्या पहिल्या तबकडीत ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ अशा नावांच्या दोन रचना आहेत. तिसऱ्या एका रचनेचे नाव ‘जॉइस कंट्री’. हा आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका भागाचा उल्लेख आहे आणि त्यांच्या आयरिश पत्नीचे नावही जॉइसच. आश्रयदाती आणि सहचारिणी, दोघींचे ऋण त्यांनी एकाच तबकडीवर नोंदवले.

ते लंडनला का गेले?

कारण संगीताचे नव्हते. मुलाच्या आजारपणावर उपचार व्हावेत म्हणून हे कुटुंब १९६७ मध्ये इंग्लंडला गेले. भारतात ज्याला नाव आणि आश्रय होता, त्या वादकाला वयाच्या तिशीनंतर अनोळखी शहरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

योगायोगाने लंडन तेव्हा भारतीय संगीताने भारावलेले होते. बीटल्सनी १९६५ मध्ये आपल्या गाण्यात सतार वापरली होती. पंडित रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांची एकत्रित तबकडी गाजत होती. कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकातून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच भारतीय संगीताचे आणि पाच जॅझचे वादक एकत्र आणून ‘इंडो-जॅझ’ नावाचा प्रयोग १९६६ मध्ये तबकडीवर आणला होता. त्या समूहात तबल्यावर मुंबईचे केशव साठे होते. या प्रयोगांमागे डेनिस प्रेस्टन हा निर्माता होता. लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत तो स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करी आणि ईएमआय कंपनीच्या कोलंबिया या छापाखाली तबकड्या बाजारात आणी. त्याने डिसिल्वांना ऐकले आणि त्यांच्यासाठी स्टुडिओचे दार उघडले.

१९६९ हे वर्ष महत्त्वाचे का?

या एका वर्षात डिसिल्वा तीन वेगवेगळ्या मेळांत ऐकू येतात. पहिली तबकडी त्यांच्या स्वतःच्या नावाची, ‘इंटिग्रेशन’. तिच्यात साथीला डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), इयन कार (ट्रम्पेट), डेव्ह ग्रीन (बास) आणि ट्रेव्हर टॉमकिन्स (ड्रम) होते. हे चौघे म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील नावाजलेल्या रेंडेल-कार पंचकाचे चार सदस्य. पाचवे, पियानोवादक मायकेल गॅरिक, यात नाहीत. त्यांच्या जागी गिटार आली. वर्षानुवर्षे एकत्र वाजवलेल्या संघात नवखा माणूस येतो, रचना त्याच्या असतात आणि स्वरसंगतीची जबाबदारीही त्याच्यावर असते. ही परीक्षा सोपी नव्हती. ‘गँजेस’पासून ‘जॉइस कंट्री’पर्यंतच्या सहा रचना ऐकल्यावर पाहुणा कोण आणि घरचे कोण, हे सांगता येत नाही.

दुसरी तबकडी ‘आफ्रो-जॅझ’. ती घानाचे ड्रमवादक गाय वॉरन यांची. साथीदार जवळपास तेच आणि गिटारवर डिसिल्वा. इथे केंद्रस्थानी आफ्रिकी ताल होते, म्हणून गिटारने स्वतःला मागे घेतले.

तिसरी ‘हम दोनो’. हे हिंदी नाव असलेली तबकडी डिसिल्वा आणि जो हॅरियट यांची एकत्रित. देव आनंद यांचा याच नावाचा चित्रपट १९६१ मध्ये आला होता, पण तबकडीत नावाचा अर्थ शब्दशः आहे. एक गोवेकर, एक जमैकन. दोघेही ब्रिटिश साम्राज्याच्या आणि पोर्तुगीज वारशाच्या कडेवरून लंडनच्या मध्यभागी आलेले. सॅक्सोफोन आणि गिटार इथे जुगलबंदीतल्यासारखे समोरासमोर बसतात. इयन कार यांचा ट्रम्पेट आणि गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना वापरलेला आवाज त्यांना सोबत करतो. ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना याच तबकडीतली. हॅरियट यांच्या शेवटच्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांत तिची गणना होते. १९७३ च्या जानेवारीत, वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले.

सतारीशिवाय ‘भारतीय’ जॅझ कसा झाला?

डिसिल्वांचे वेगळेपण याच प्रश्नात आहे. मेयर आणि हॅरियट यांच्या प्रयोगात सतार, तंबोरा, तबला एका बाजूला आणि सॅक्सोफोन, पियानो, ड्रम दुसऱ्या बाजूला असत. रागाचे स्वर मेयर आधी कागदावर लिहून देत आणि दोन्ही बाजू आलटून पालटून वाजवत. दोन संगीते शेजारी बसत. ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’मध्ये एकही भारतीय वाद्य नाही. तरीही सुरावटीची चाल भारतीय वाटते.

ते समजण्यासाठी दोन्ही संगीतांतला मूळ फरक पाहावा लागतो. रागात षड्ज पक्का असतो. तंबोरा तो अखंड धरून ठेवतो आणि गायक ठरलेल्या स्वरांतून वाट काढत जातो. परंपरेतल्या जॅझमध्ये स्वरसंगती दर एक-दोन आवर्तनांना बदलते आणि वादकाला तिच्याबरोबर दिशा बदलावी लागते. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या संगीताने जॅझला वेगळे वळण दिले. एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ थांबून विस्तार करण्याची पद्धत रुजली. रागाच्या बढतीशी तिचे जवळचे नाते आहे. बास एखादा स्वर धरून राहिला, तर तो तंबोऱ्याचे काम करू शकतो आणि वर गिटार मोकळी होते.

अडचण वाद्याची होती. सतारीवर तार बाजूला ओढून एका पडद्यावरून अनेक स्वरांची मींड काढता येते. गिटारचे पडदे पक्के बसवलेले असतात आणि तारही तितकी ओढली जात नाही. त्यामुळे गिटारवर सतारीची हुबेहूब नक्कल करायला गेले, तर ती नक्कलच राहते. डिसिल्वा त्या वाटेला गेले नाहीत. स्वरांची निवड, त्यांचा क्रम, एका स्वराभोवती घुटमळून मग पुढे जाण्याची रीत या गोष्टी त्यांनी घेतल्या आणि गिटारचा आवाज गिटारचाच ठेवला. लहानपणापासून चर्चमधले सूर, कोंकणी गाणी, रेडिओवरची चित्रपटगीते आणि जॅझ हे सगळे गोवेकर-मुंबईकर घरांत एकाच वेळी कानावर पडत असे. त्यामुळे संगम घडवायला त्यांना वेगळे वादक जमवावे लागले नाहीत.

रॉकशी त्यांचा संबंध कसा आला?

१९७१ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’ ही तबकडी आली. तिचा बाज हळुवार, रमणीय गिटारचा. त्यानंतर १९७२ मध्ये डिसिल्वा अगदी उलट दिशेला दिसतात. ‘कॉस्मिक आय’ या नावाच्या समूहाची ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही तबकडी रिगल झोनोफोन या छापाखाली निघाली. द मूव्ह, प्रोकल हॅरम अशा रॉक बँडच्या तबकड्या याच छापाखाली निघत. तबकडीची कल्पना स्वप्नांच्या मालिकेची आहे. इथे सतार आणि तबला आले, विद्युत गिटारचा आवाज अधिक धारदार झाला आणि त्या काळच्या प्रयोगशील रॉकचा रंग मिसळला. त्यामुळे आज ही तबकडी जॅझच्या यादीतही दिसते आणि रॉकच्याही.

चार वर्षांत तीन-चार निराळ्या संगीतविश्वांत वावरणे याला बहुगुणीपणा म्हणता येईल. त्याची दुसरी बाजूही आहे. तबकडी विकणाऱ्या दुकानदाराला हा माणूस कोणत्या खणात ठेवायचा, हे कळत नसे. एका शैलीला चिकटून राहणाऱ्या वादकाचा श्रोतावर्ग ठरून जातो. बँड बदलत राहणाऱ्याला तो प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो.

‘कोकण डान्स’चे काय झाले?

याच सुमारास प्रेस्टन यांच्यासाठी डिसिल्वांनी ‘कोकण डान्स’ ध्वनिमुद्रित केले. जुने सहकारी डॉन रेंडेल यांच्याबरोबर सतारीवर क्लेम आल्फर्ड आणि तबल्यावर केशव साठे होते. साठे यांची कारकीर्दही अशीच अनेक मेळांतून गेलेली. इंडो-जॅझनंतर आल्फर्ड यांच्यासह ‘मॅजिक कार्पेट’ या समूहात आणि पुढे जॉन रेनबोर्न यांच्या लोकसंगीताच्या गटात त्यांनी तबला वाजवला. मुंबईचा मराठी तबलावादक आणि गोवेकर गिटारवादक लंडनच्या स्टुडिओत शेजारी बसून ‘कोकण’ नावाची रचना वाजवत आहेत, हे दृश्य आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. याच संचात ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ ही रचनाही आहे. मागे सोडलेली दोन्ही ठिकाणे, किनारा आणि शहर, त्यात आली.

ध्वनिमुद्रण झाले, पण तबकडी निघाली नाही. तोवर ब्रिटनमध्ये जॅझच्या तबकड्यांचा खप उतरला होता आणि मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. आधीच्या तबकड्याही बाजारातून गेल्या. १९७९ मध्ये प्रेस्टन यांचे निधन झाले. फिती पेटीत राहिल्या.

पुढच्या काळात डिसिल्वांनी लंडनमध्ये गिटार शिकवली. मोठ्या कंपनीच्या छापाखाली सलग तबकड्या काढण्याचा काळ मात्र परतला नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तरुण श्रोते आणि डीजे १९६० च्या दशकातील ब्रिटिश जॅझकडे वळले, जुन्या तबकड्यांचे पुनर्प्रकाशन सुरू झाले आणि त्या लाटेत २००६ मध्ये ‘कोकण डान्स’ सीडीवर आले.

आज त्यांचे महत्त्व काय?

डिसिल्वांच्या आयुष्यातून एक व्यावहारिक गोष्ट दिसते. आपल्याकडच्या बँडवादकांनी आयुष्यभर जे वाजवले, त्यातले बहुतेक हवेत विरले. हॉटेलातील रात्री कोणी ध्वनिमुद्रित केल्या नाहीत आणि चित्रपटांच्या गाण्यांवर वादकांची नावे छापली गेली नाहीत. डिसिल्वांची चार वर्षे उरली, कारण त्या काळात एका निर्मात्याने त्यांच्या नावाने फिती भरल्या आणि तबकडीच्या पाकिटावर प्रत्येक वादकाचे नाव लिहिले. मुंबईत त्यांनी त्याआधी वाजवलेल्या वर्षांचा असा हिशेब लागत नाही.

ज्यांना त्यांचे वादन प्रथमच ऐकायचे आहे, त्यांनी ‘इंटिग्रेशन’पासून सुरुवात करावी. मग ‘हम दोनो’ ऐकावे, सॅक्सोफोन आणि गिटारमधला संवाद तिथे सर्वांत स्पष्ट आहे. रॉकची आवड असलेल्यांनी ‘ड्रीम सीक्वेन्स’कडे जावे. ‘कोकण डान्स’ शेवटी ठेवावे. तोवर या गिटारची भाषा ओळखीची झालेली असते आणि तबल्याचा पहिला ठेका पडला, की हा माणूस कुठून निघाला होता, ते वेगळे सांगावे लागत नाही.